योनीमार्गाचे संसर्ग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंगावरून पांढरं जातं, खाज सुटते, वास येतो. ही तक्रार सांगताना बहुतेक जणींचा आवाज आपोआप खाली येतो, आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो: “माझं काही चुकलं का?” पाळी सुरू झाल्यापासून ती जाईपर्यंतच्या वयातल्या स्त्रिया पुन्हापुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्या उत्तरात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे इतकं सर्रास होतं का? मला वाटायचं फक्त मलाच होतं.

हो, अगदी सर्रास होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार प्रजननक्षम वयातल्या २३ ते २९ टक्के स्त्रियांमध्ये बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे योनीतल्या जीवाणूंचा तोल बिघडणं, आढळतो. डॉक्टर बोलताना त्याला ‘बीव्ही’ म्हणतात. कॅन्डिडा या बुरशीचा त्रास दर चारांपैकी सुमारे तीन स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी होतो, आणि ४० ते ४५ टक्के स्त्रियांना दोन किंवा अधिक वेळा होतो. तिसरा नेहमीचा प्रकार ट्रायकोमोनास या एकपेशीय परजीवीचा. २०२० साली १५ ते ४९ वयोगटातल्या स्त्री-पुरुषांमध्ये मिळून त्याची जगभरात १५ कोटी ६० लाख नवी प्रकरणं झाली असा अंदाज आहे.

दहा बायका एकत्र बसल्या असतील तर त्यांतल्या दोघी-तिघींना आज या घडीला बीव्ही असू शकतो, आणि सात-आठ जणींना कधी ना कधी बुरशीचा त्रास झालेला असतो किंवा पुढे होणार असतो. त्यावर कुणी बोलत नाही, म्हणून प्रत्येकीला वाटतं आपण एकट्याच.

२. मग आकडे इतके वेगवेगळे का? कुठे चारातली एक लिहितात, कुठे चारातल्या तीन, कुठे निम्म्या.

कारण प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर असतो, आणि तो प्रश्न कोणता हे बऱ्याचदा सोबत लिहिलेलंच नसतं.

बीव्हीचे २३ ते २९ टक्के म्हणजे ज्या दिवशी तपासलं त्या दिवशी किती जणींमध्ये सापडला. बुरशीचे ७५ टक्के म्हणजे आयुष्यभरात केव्हातरी. ट्रायकोमोनासचे १५ कोटी ६० लाख म्हणजे एका वर्षातली नवी प्रकरणं, आणि त्यात पुरुषही मोजले आहेत. हे तीन आकडे शेजारी ठेवून ‘सगळ्यात जास्त बुरशीच’ असा निष्कर्ष काढला तर तो चुकतो.

चौथी मोजणी दवाखान्यातली. त्रास होतो म्हणून तपासायला आलेल्या स्त्रियांमध्ये निदान झालेल्यांपैकी ४० ते ५० टक्क्यांना बीव्ही, २० ते २५ टक्क्यांना कॅन्डिडा आणि १५ ते २० टक्क्यांना ट्रायकोमोनास निघतो, असं ढोबळ प्रमाण सांगितलं जातं. ‘निम्म्या’ हा शब्द इथून येतो. तो सगळ्या स्त्रियांबद्दल नाही, त्रास घेऊन आलेल्यांबद्दल आहे.

शिवाय, ज्यांना काहीच जाणवत नाही त्या दवाखान्यात येत नाहीत. अमेरिकेत २००१ ते २००४ या काळात १४ ते ४९ वयाच्या स्त्रियांची देशव्यापी पाहणी झाली. त्यात २९.२ टक्के जणींना बीव्ही सापडला आणि त्यांच्यातल्या ८४ टक्के जणींना कसलंही लक्षण जाणवलेलं नव्हतं. केवळ तक्रारी मोजल्या असत्या तर यातल्या बहुतेक जणी मोजणीतच आल्या नसत्या.

३. मला रोज थोडं पांढरं जातं. हा संसर्गच ना?

बहुधा नाही. निरोगी योनीतूनही रोज साधारण १ ते ४ मिलिलिटर स्राव येतो. तो पारदर्शक किंवा दुधी असतो, कपड्यावर वाळल्यावर किंचित पिवळट दिसतो आणि त्याला फार तर हलकासा आंबूस वास असतो. पाळीच्या मधल्या दिवसांत, म्हणजे बीज सुटण्याच्या सुमारास, तो अंड्याच्या पांढऱ्यासारखा ताणला जातो. गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना त्याचं प्रमाण वाढू शकतं.

लक्ष ठेवायचं ते बदलाकडे. नेहमीपेक्षा वेगळा रंग, वेगळा वास, खाज, जळजळ किंवा संबंधाच्या वेळी दुखणं यांपैकी काही नव्याने सुरू झालं तर तपासून घ्या. ‘पांढरं गेल्यानं अंगातली ताकद जाते’ हेही फार विचारलं जातं. तसं होत नाही. थकवा असेल तर त्याचं कारण वेगळं शोधायला हवं. रक्तातलं हिमोग्लोबिन तपासणं ही त्याची चांगली सुरुवात.

४. लक्षणांवरून मला घरच्या घरी ओळखता येईल का?

अंदाज बांधता येतो, खात्री होत नाही.

बुरशी असेल तर खाज जास्त. स्राव दह्याच्या चोथ्यासारखा घट्ट, वास जवळपास नाही, बाहेरची त्वचा लाल होऊन सुजते, कधी चिरते, आणि लघवी तिथे लागली की आग होते. बीव्हीत खाज कमी किंवा अजिबात नाही. स्राव पातळ, राखाडी-पांढरा, आणि मासळीसारखा वास, जो संबंधानंतर किंवा पाळीच्या दिवसांत जास्त जाणवतो. ट्रायकोमोनासमध्ये पिवळा-हिरवा, कधी फेसाळ स्राव, घाण वास, खाज आणि लघवीला जळजळ असं सगळं एकदम असू शकतं, किंवा काहीच नसू शकतं.

वाचताना हे स्पष्ट वाटतं. प्रत्यक्षात दोन संसर्ग एकाच वेळी असतात, लक्षणं अर्धवट असतात, आणि खाज म्हटली की सगळ्यांच्या मनात आधी बुरशीच येते. स्वतःच निदान करून दुकानातून बुरशीचं औषध घेणाऱ्या स्त्रियांची एका अभ्यासात तपासणी केली, तेव्हा फक्त एक तृतीयांश जणींना निव्वळ बुरशीचा संसर्ग निघाला. बाकीच्यांना दुसरं काही होतं, मिश्र संसर्ग होता किंवा काहीच नव्हतं. त्यामुळे पहिल्यांदाच त्रास होत असेल तर तपासणी कराच. आधी डॉक्टरांनी निदान केलेलं आहे, या वेळची लक्षणं हुबेहूब तीच आहेत आणि वर्षात एखाद्या वेळेलाच असं होतं, अशी स्थिती असेल तर बुरशीचं क्रीम स्वतःहून वापरणं समजण्यासारखं आहे. तीन दिवसांत फरक पडला नाही तर मात्र थांबा आणि दाखवा.

५. मी दिवसातून दोनदा आतून धुते, साबणही वापरते. इतकी स्वच्छता ठेवूनही का होतं?

हा प्रश्न वाचला की वाईट वाटतं, कारण अनेकदा या धुण्यामुळेच त्रास वाढतो.

योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे उपयोगी जीवाणू राहतात. अल्बर्ट ड्योडरलाइन या जर्मन डॉक्टरांनी १८९२ मध्ये त्यांचं वर्णन केलं. इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन साठतं, त्यापासून हे जीवाणू लॅक्टिक आम्ल बनवतात, आणि तिथला पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ३.८ ते ४.५ इतका आंबट राहतो. त्या आंबटपणात बाकीच्या जंतूंना बस्तान बसवता येत नाही.

पाण्याची पिचकारी मारून, साबणाने किंवा ‘इंटिमेट वॉश’ने आतून धुतलं की हे राखणदारच वाहून जातात. रिकाम्या जागी गार्डनेरेला आणि ऑक्सिजनशिवाय वाढणारे इतर जीवाणू दाटीने वाढतात. यालाच बीव्ही म्हणतात. बाहेरून एखादा जंतू येऊन हल्ला करतो असं चित्र इथे पुरतं लागू पडत नाही. आतल्या वस्तीचा तोल जातो. मग वास येतो, वास आला म्हणून आणखी धुतलं जातं, आणि तोल आणखी बिघडतो.

बाहेरचा भाग साध्या पाण्याने दिवसातून एकदा धुतला तरी पुरतो. आत काहीही घालू नका. सुवासिक पॅड, स्प्रे, अँटिसेप्टिक द्रावण, काही नको.

संसर्ग होणं म्हणजे अस्वच्छ असणं नव्हे. अँटिबायोटिकचा कोर्स, नवा जोडीदार, वीर्याचा अल्कधर्मी गुण, पाळीचं रक्त, अनियंत्रित मधुमेह अशा अनेक गोष्टींनी तोल ढळतो, आणि यांतल्या एकीचाही स्वच्छतेशी संबंध नाही.

६. मला काहीच त्रास नाही, पण पॅप तपासणीच्या (गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशींच्या तपासणीच्या) रिपोर्टमध्ये ‘कॅन्डिडा’ लिहून आलंय. औषध घ्यायचं?

त्रास नसेल तर नको. साधारण १० ते २० टक्के निरोगी स्त्रियांच्या योनीत कॅन्डिडा शांतपणे राहत असते. लक्षणं नसलेल्या बीव्हीलाही बहुतेक वेळा उपचार लागत नाही. गर्भाशयाची काही शस्त्रक्रिया व्हायची असेल तर डॉक्टर वेगळा निर्णय घेतात. ट्रायकोमोनासचं तसं नाही. तो सापडला की लक्षणं असोत-नसोत, उपचार घ्यायचाच, जोडीदारानेही (प्रश्न १० पाहा).

७. डॉक्टर नेमकं काय तपासतात? खूप दुखतं का?

दुखत नाही. थोडं अवघडल्यासारखं होतं, आणि आग-सूज असेल तर चरचरतं. स्पेक्युलम नावाचं साधन घालून योनीमार्ग आणि गर्भाशयाचं तोंड पाहतात, कापसाच्या काडीने स्राव घेतात, पीएचची पट्टी लावतात आणि तो स्राव काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. काही मिनिटांचं काम.

बीव्हीसाठी १९८३ पासून अ‍ॅम्सेल यांचे चार निकष वापरले जातात: पातळ एकसारखा स्राव, ४.५ पेक्षा जास्त पीएच, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकल्यावर उठणारा मासळीचा वास, आणि ‘क्लू सेल’, म्हणजे जीवाणू चिकटून कडा धूसर झालेल्या पेशी. चारांतले तीन जुळले की निदान पक्कं. बुरशीत पीएच सहसा नेहमीसारखाच असतो. ट्रायकोमोनास ताज्या थेंबात वळवळताना दिसतो, पण काचेवर तो बऱ्याचदा निसटतो. म्हणून शंका असेल तर जनुकीय चाचणी, म्हणजे ‘नॅट’, जास्त भरवशाची.

तपासणीआधी दोन दिवस योनीत क्रीम किंवा गोळी ठेवू नका, आतून धुऊ नका, संबंध टाळा. ‘डॉक्टरांसमोर बरं दिसत नाही’ म्हणून निघण्याआधी आतून धुऊन येणाऱ्या पुष्कळ जणी असतात. असं करू नका. जे बघायचं तेच निघून जातं.

८. औषधं कोणती असतात? दोन दिवसांत बरं वाटलं तर बंद केली तर चालतील?

बीव्हीसाठी मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या सात दिवस, किंवा मेट्रोनिडाझोलचं जेल, किंवा क्लिंडामायसिनचं क्रीम. बुरशीसाठी क्लोट्रिमाझोलसारखं क्रीम वा योनीत ठेवायची गोळी, किंवा फ्लुकोनाझोलची १५० मिलिग्रॅमची एक गोळी तोंडाने. ट्रायकोमोनाससाठी मेट्रोनिडाझोल तोंडानेच घ्यावं लागतं. जेल तिथे पुरेसं पडत नाही. एकाचं औषध दुसऱ्यावर चालत नाही, म्हणून प्रश्न ४ मधला मुद्दा इतका आग्रहाने मांडला.

बरं वाटलं तरी कोर्स पूर्ण करा. रक्त पातळ करणारी किंवा इतर कुठलीही औषधं रोज चालू असतील तर ती डॉक्टरांना आधी सांगा. मेट्रोनिडाझोल आणि फ्लुकोनाझोल दोन्ही वॉरफेरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम वाढवतात.

९. औषध घेतलं की बरं वाटतं, दोन महिन्यांत पुन्हा तेच. कायमचं का जात नाही?

सगळ्यात थकवणारी तक्रार हीच, आणि ती सांगणाऱ्या बाईला ‘तुम्ही काळजी घेत नाही’ असं कुणी म्हणू नये.

बीव्ही परत येणं हा अपवाद नाही. उपचारानंतर वर्षभरात निम्म्याहून जास्त जणींना तो पुन्हा होतो. एक कारण असं की हे जीवाणू योनीच्या अस्तरावर चिकट थर धरून बसतात. औषधाने वरचे मरतात, थराच्या आतले तगतात. दुसरं कारण, जंतू मेले तरी लॅक्टोबॅसिलसची वस्ती परत उभी राहतेच असं नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मेट्रोनिडाझोल जेलनंतर लॅक्टोबॅसिलसची क्रिस्पेटस ही जात योनीत सोडली, तेव्हा १२ आठवड्यांत बीव्ही परतण्याचं प्रमाण ४५ वरून ३० टक्क्यांवर आलं. तिसरं कारण जोडीदाराकडे जातं, ते प्रश्न १० मध्ये.

बुरशीचं गणित निराळं. वर्षात तीन किंवा जास्त वेळा झाली तर ती ‘वारंवार होणारी’ समजतात. जगात दरवर्षी सुमारे १३ कोटी ८० लाख स्त्रियांना असा त्रास होतो असा २०१८ चा अंदाज आहे. अशा वेळी कल्चर करून, म्हणजे स्रावातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून, कॅन्डिडाची कोणती जात आहे ते बघायला हवं. अल्बिकन्स असेल तर सुरुवातीच्या उपचारानंतर आठवड्याला एक फ्लुकोनाझोल असं सहा महिने देतात. ग्लाब्राटा असेल तर नेहमीची औषधं कमी पडतात आणि डॉक्टर बोरिक अ‍ॅसिडच्या योनीत ठेवायच्या कॅप्सूल देऊ शकतात. या कॅप्सूल गिळल्या तर विषारी आहेत, जिवावर बेतू शकतं. मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. गरोदरपणात त्या वापरायच्या नाहीत.

१०. नवऱ्यालाही औषध द्यायचं का? तो म्हणतो, मला काही होत नाही.

ट्रायकोमोनास असेल तर हो, नक्की. पुरुषांमध्ये बहुतेक वेळा लक्षणं नसतात, म्हणून ‘मला काही होत नाही’ हे प्रामाणिकपणे म्हटलेलं असलं तरी पुरेसं नाही. दोघांचे उपचार संपून लक्षणं जाईपर्यंत संबंध नकोत, आणि स्त्रीची तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी.

बुरशीत, जोडीदाराला खाज किंवा लाली नसेल तर गरज नाही.

बीव्हीबद्दलचं उत्तर अलीकडे बदललं आहे. अनेक वर्षं ‘पुरुषाला औषध देऊन फायदा नाही’ असंच सांगितलं जात होतं. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत स्त्रीसोबत तिच्या नियमित जोडीदारालाही सात दिवस मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणि लिंगावर लावायला क्लिंडामायसिनचं क्रीम दिलं. १२ आठवड्यांत बीव्ही परत येण्याचं प्रमाण फक्त स्त्रीला औषध दिलेल्या गटात ६३ टक्के होतं, दोघांना दिलेल्या गटात ३५ टक्के. तुम्हाला बीव्ही पुन्हापुन्हा होत असेल तर डॉक्टरांना हे जरूर विचारा. जोडीदार स्त्री असेल आणि तिला लक्षणं असतील तर तिचीही तपासणी करून घ्या.

११. मला ट्रायकोमोनास निघाला. म्हणजे त्याने मला फसवलं का?

या रिपोर्टवरून ते सिद्ध होत नाही. हा संसर्ग संबंधातून पसरतो हे खरं, पण तो शरीरात महिनोन्‌महिने, कधी वर्षंही, लक्षणांशिवाय राहू शकतो. कुणाकडून आला, केव्हा आला, या नात्याच्या आधी की नंतर, हे कुठलीही तपासणी सांगू शकत नाही. हाच न्याय तुमच्यावर संशय घेणाऱ्यालाही लागू आहे. आधी दोघांनी औषध घ्या, आणि इतर लैंगिक संसर्गांच्या चाचण्याही, एचआयव्हीसह, करून घ्या. बोलायचं ते हातात रिपोर्ट घेऊन भांडताना नको, थोडं शांत झाल्यावर.

१२. माझे कुणाशीच संबंध आलेले नाहीत. तरी होऊ शकतं?

बुरशीचा संसर्ग नक्की होऊ शकतो, अँटिबायोटिकनंतर तर सहज. बीव्ही संबंध न आलेल्यांमध्ये बराच कमी दिसतो. संसर्ग झाला म्हणून कुणी मुलीच्या चारित्र्यावर बोट ठेवत असेल तर ते साफ चूक आहे. तपासणीच्या वेळी डॉक्टरांना हे आधी सांगा. स्पेक्युलम न घालता काडीने स्राव घेता येतो.

१३. मी गरोदर आहे. औषधांनी बाळाला काही होईल का?

लक्षणं असतील तर उपचार टाळू नका. बीव्ही आणि ट्रायकोमोनास यांचा वेळेआधी प्रसूतीशी संबंध दिसून आला आहे. मेट्रोनिडाझोल डॉक्टरांच्या सल्ल्याने गरोदरपणात देतात. बुरशीसाठी फ्लुकोनाझोलची गोळी टाळून सात दिवस योनीत ठेवायचं औषध वापरतात. घरात आधीची उरलेली गोळी असेल तर ती घेऊ नका. पाणी गेल्यासारखं वाटलं, रक्त दिसलं किंवा पोट कळा मारू लागलं तर ते ‘पांढरं पाणी’ समजून थांबू नका, लगेच रुग्णालयात जा.

१४. डायबिटीस आहे. त्यामुळेच होतंय का?

साखर ताब्यात नसेल तर बुरशीचा त्रास जास्त होतो. नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेल्या गोळ्या लघवीतून साखर बाहेर टाकतात, त्यांच्यामुळेही होतो. गोळी स्वतःहून बंद करू नका, देणाऱ्या डॉक्टरांशी बोला. उलटही खरं: कारण नसताना बुरशी सारखी होत असेल तर एकदा साखर तपासा.

१५. लसूण, दही, खोबरेल तेल आत लावलं तर?

लसणाने अस्तर भाजल्याची उदाहरणं आहेत. दह्यातले लॅक्टोबॅसिलस योनीतल्या जातींपेक्षा वेगळे असतात. तेल संसर्ग बरा करत नाही आणि लॅटेक्सचे कंडोम कमकुवत करतं. क्लिंडामायसिनच्या क्रीममध्येही तेल असतं, म्हणून ते वापरताना आणि त्यानंतरचे पाच दिवस अशा कंडोमवर विसंबू नका.

१६. सगळे रिपोर्ट नॉर्मल, तीन-चार कोर्स झाले, तरी आग होते. आता काय?

आता आणखी एक कोर्स नको. खाज-आगीची कारणं संसर्गाबाहेरही असतात: पॅड, साबण किंवा वापरलेल्या क्रीमचीच अ‍ॅलर्जी, लायकेन स्क्लेरोसससारखे त्वचेचे आजार, बाळाला अंगावर पाजताना इस्ट्रोजेन कमी झाल्याने आलेला कोरडेपणा, क्वचित आत विसरलेला टॅम्पॉन, किंवा व्हल्व्होडायनिया, म्हणजे संसर्ग नसताना होणारी खरीखुरी वेदना. कधी लॅक्टोबॅसिलसच गरजेपेक्षा जास्त वाढून बुरशीसारखी खाज होते, आणि तिथे बुरशीच्या औषधाने काही साधत नाही. सगळी लावायची औषधं थांबवून, स्त्रीरोगतज्ज्ञांकडून बाहेरची त्वचा नीट पाहून घ्या. गरज पडली तर त्वचारोगतज्ज्ञांनाही दाखवा. आजवर घेतलेल्या औषधांची नावं आणि तारखा लिहून न्या.

१७. कोणत्या लक्षणांत अजिबात थांबायचं नाही?

ताप, ओटीपोटात दुखणं, संबंधानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं, फोड किंवा व्रण, पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसणं. तापासोबत ओटीपोट दुखत असेल तर संसर्ग गर्भाशय आणि नलिकांपर्यंत पोचलेला असू शकतो, त्यामुळे त्याच दिवशी दाखवा, पाळी चालू असली तरी.